'उतारा' : झपाटलेल्या वस्तूंचा फाशांचा खेळ (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार. पुण्यातील आमच्या छोट्या कार्यशाळेत तयार झालेला 'उतारा' हा खेळ आपण घेतलात, याबद्दल आम्ही आभारी आहोत. पेटीत पाच फासे, पंचवीस सचित्र पत्ते आणि तिठ्याचे चित्र असलेला एक पट आहे. हा खेळ आठ वर्षांवरील दोन ते पाच जणांना खेळता येतो.

आजारी माणसावरून दहीभात किंवा लिंबू ओवाळून तिन्हीसांजेला तिठ्यावर ठेवायचे आणि मागे वळून न पाहता घरी यायचे, ही उताऱ्याची जुनी चाल आपण निदान ऐकलेली असेल. खेळाची कल्पना तिच्यावरूनच सुचली. पेठेतला वाडा पाडताना माळ्यावर सापडलेल्या पाच वस्तू प्रत्येक गड्याच्या वाट्याला येतात: १ काच फुटलेला कंदील, २ गंजलेला अडकित्ता, ३ रात्री आपोआप टोले देणारे घड्याळ, ४ तडा गेलेला आरसा आणि ५ डोळे नसलेली ठकी. जो आपल्या पाचही वस्तू आधी तिठ्यावर टाकेल, तो जिंकला.

आपली पाळी आली की पाचही फासे टाकावेत. एखाद्या आकड्याची जोडी जमली की त्या आकड्याची वस्तू तिठ्यावर जाण्यास तयार होते. हवे ते फासे धरून ठेवून उरलेले कितीही वेळा पुन्हा टाकता येतात. मात्र सहाच्या जागी हडळ रंगवलेली आहे आणि हडळ आलेला फासा त्या पाळीत पुन्हा उचलता येत नाही. तिसरी हडळ येण्यापूर्वी थांबलात, तर जमलेल्या जोड्यांच्या वस्तू तिठ्यावर ठेवाव्यात. तिसरी आलीच, तर त्या पाळीत काहीही टाकता येत नाही, शिवाय आधी टाकलेली एक वस्तू घरी परत येते. वस्तू ठेवल्यावर 'मागे पाहिले नाही' असे म्हणायचे असते. विसरलात आणि पुढच्याने फासे उचलण्यापूर्वी कोणी टोकले, तर ती वस्तू परत घ्यावी लागते. मुलांना हा नियम सर्वाधिक आवडतो, आणि मोठी माणसेच त्यात जास्त सापडतात.

खेळाची खरी गंमत कधी थांबावे हे ठरवण्यात आहे. पहिल्याच फेकीत तीन हडळी येण्याची शक्यता शंभरात चारहूनही कमी असते, म्हणून सुरुवातीला भिण्याचे कारण नाही. परंतु दोन हडळी येऊन बसल्या असताना उरलेले तिन्ही फासे टाकले, तर तिसरी येण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के होते. एक फासा धरून दोनच टाकले, तर ती ३१ टक्क्यांच्या आसपास येते. पहिल्या पाळीला तिठ्यावर आपले काहीच नसल्यामुळे गमावण्यासारखेही काही नसते, तेव्हा ती बिनधास्त खेळावी. चार वस्तू टाकून झालेल्या गड्याने मात्र दोन हडळी आल्यावर जोडी नसतानाही मुकाट्याने थांबण्यात शहाणपण आहे.

शनिवारवाडा या खेळात का नाही, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तेथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही इतिहासातील खरी घटना आहे आणि ती हसण्यावारी नेणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही. त्याचप्रमाणे, खेळातील बाधा पेटीबाहेर नेऊ नये. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे, आणि घरातील नकोशी वस्तू खरोखरच चौकात नेऊन ठेवली, तर झाडणाऱ्यांचे काम वाढण्यापलीकडे काहीही होत नाही. अशी वस्तू जुन्या बाजारात विकावी. चार पैसे तरी येतील.

अमावास्येला खेळल्याने फाशांत फरक पडत नाही, दिवे मंद केल्याने रंगत मात्र वाढते. फासे पाण्याने धुऊ नयेत, कोरड्या फडक्याने पुसावेत. ओलाव्याने हडळीचा रंग उडतो. एखादा फासा हरवल्यास ठिपक्यांचा साधा फासा चालेल, त्यावरील सहा म्हणजे हडळ समजावी.