रांजणवाडी, नाकातलं बोट आणि फ्लेमिंगचं लिंबू

गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली. सकाळी उठलो तर पापणी जड, कडेला एका केसाच्या मुळाशी तुरीच्या डाळीएवढा लाल फुगवटा आणि डोळा मिटला की ठणका. आईचं लगेच सुरू, लवंग उगाळून लाव म्हणून, शेजारच्या काकू म्हणाल्या तळहातावर बोट घासायचं आणि गरम गरम टेकवायचं, बघ दोन दिवसात जाते की नाही. ऑफिसात मात्र सगळे चार हात लांब. "डोळे आलेत का रे?"

नाही आले बाबांनो. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत हजारोंनी डोळे आले ती साथ व्हायरसची होती, आणि व्हायरसवर मेडिकलमधून आणलेले अँटिबायोटिक ड्रॉप्स घालून काही होत नाही, तो आपला आठवडा-दोन आठवड्यांनी स्वतःच जातो. रांजणवाडी हे बॅक्टेरियाचं काम. पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक तेलग्रंथी असतात, त्यातली एखादी तुंबली की आत पू धरतो, आणि तो धरणारा बहुतेक वेळा एकच, स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

हे नाव मला आवडतं. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचा सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन, त्याने १८८० च्या सुमारास गळवांमधला पू मायक्रोस्कोपखाली बघितला तर गोल गोल दाणे घोसाने लगडलेले, म्हणून ग्रीकमधल्या द्राक्षाच्या घडावरून स्टॅफिलो. ऑरियस म्हणजे सोनेरी. हा सोनेरी रंग नुसता शोभेचा नाही बरं का, गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्याच कुळातला तो आहे आणि आपल्या पांढऱ्या पेशी जी ब्लीचसारखी रसायनं सोडतात त्यातून बॅक्टेरियाला वाचवतो.

आणि हा येतो कुठून, तर आपल्याच नाकातून. साधारण दहातल्या तीन जणांच्या नाकात तो मुक्कामाला असतो, काही त्रास न देता. नाकातलं बोट डोळ्याला लागलं की झालं.

मग अश्रू काय करतात? इथे अलेक्झांडर फ्लेमिंग येतो, पेनिसिलिनवाला, पण त्याच्या सहा वर्षं आधीचा. १९२२ मध्ये त्याने अश्रूंमधलं लायसोझाइम, म्हणजे बॅक्टेरिया फोडणारं द्रव्य, जगापुढे मांडलं. बॅक्टेरियाचं गढूळ पाणी घ्यायचं, त्यात अश्रूचा थेंब टाकायचा, पाणी बघता बघता नितळ, कारण बॅक्टेरियाच्या भिंतीच तुटतात. आता एवढे अश्रू आणायचे कुठून, तर हा माणूस सहकाऱ्यांच्या डोळ्यात लिंबाच्या सालीचा रस पिळायचा! पण नेमका स्टॅफ ऑरियस याला दाद देत नाही. त्याने आपल्या भिंतीतल्या साखरेवर बारीक रासायनिक टाके घालून ठेवलेत, त्यामुळे लायसोझाइमची कात्री तिथे बसतच नाही. पुढे १९२८ मध्ये फ्लेमिंगच्या ज्या बशीत बुरशी पडली आणि पेनिसिलिन सापडलं त्या बशीतही स्टॅफिलोकॉकसच वाढत होता. आज बहुतेक स्टॅफ ऑरियस साध्या पेनिसिलिनलाही जुमानत नाहीत हा भाग वेगळा.

रांजणवाडीला तसं औषध लागतच नाही सहसा. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून दहा मिनिटं शेक, दिवसातून तीन-चार वेळा, की घट्ट झालेलं तेल पातळ होतं आणि पू आपोआप वाट काढतो. पिळायची मात्र अजिबात नाही. लवंगेतलं तेल प्रयोगशाळेत बॅक्टेरिया मारतं हे खरं, पण ते डोळ्यात उतरलं तर काय आग होईल याचा विचार करा.

खरी भीती वेगळ्याच बॅक्टेरियाची, स्यूडोमोनास. हा पाण्यात राहतो, नळाच्या, टाकीच्या, आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीत तर चिकट थर करून बसतो. धडधाकट बुबुळात सहसा त्याला शिरता येत नाही, पण रात्री लेन्स घालून झोपलं आणि बारीकसा ओरखडा पडला की आत, मग एक-दोन दिवसात बुबुळ विरघळायला लागतं. २०२३ मध्ये अमेरिकेत कोरड्या डोळ्यांसाठीच्या ड्रॉप्समधूनच तो पसरला, ड्रॉप्स गेले होते आपल्या तमिळनाडूतून. १८ राज्यांत ८१ रुग्ण, १४ जणांची नजर गेली, चौघांचे डोळे काढावे लागले, चौघे दगावले. त्यामुळे डोळा खूप दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय असं असेल तर शेकबिक सोडा आणि सरळ डोळ्यांचे डॉक्टर गाठा, आणि मागच्या वेळचे उरलेले स्टेरॉइडचे ड्रॉप्स मनाने घालू नका.

माझी रांजणवाडी चौथ्या दिवशी फुटली. काकूंचं म्हणणं, बोट घासल्यामुळेच. मी शेक दिला होता हे सांगून पाहिलं, तर म्हणाल्या, मग बोटाने काय वेगळं होतं, गरमच ना? हे बरोबरच होतं म्हणा, फक्त ते बोट त्याआधी कुठे कुठे फिरून आलं होतं ते मी विचारलं नाही.