हाड हाड आणि गाणं

उमरग्याकडच्या एका लग्नघरातला प्रसंग. कर्नाटकातून आलेल्या आजीबाई करवलीला म्हणाल्या, ‘ओंदु हाडु हाडु.’ आमची पोरं खो-खो हसली. आपल्याकडं ‘हाड हाड’ कुत्र्याला करतात! आजीबाई बिचाऱ्या म्हणत होत्या, एक गाणं गा. कन्नडात ‘हाडु’ म्हणजे गाणं, आणि ‘गा’ म्हणायलाही तेच.

मराठीत हाड म्हणजे अस्थीही. या हाडाचा त्या गाण्याशी काही संबंध? काडीचाही नाही, आणि ते दाखवून देता येतं. कन्नड शब्दांच्या सुरुवातीच्या जुन्या ‘प’चा मध्ययुगात ‘ह’ झाला. शेजारच्या तेलुगूत तो ‘प’ अजून टिकून आहे. तेलुगूत पालु, कन्नडात हालु: दूध. पुलि, हुलि: वाघ. पुव्वु, हूवु: फूल. तसंच पाडु, हाडु. म्हणजे गाण्याचं ‘हाडु’ मुळात ‘पाडु’. आपलं हाड आलं प्राकृतातल्या ‘हड्ड’वरून, त्यात ‘प’ कधी नव्हताच. नुसत्या कानावर भरवसा ठेवला असता तर फसलोच असतो.

आखूड शब्दांची अशी टक्कर व्हायचीच. भाषेकडं ध्वनी मोजके, शब्द हजारो. कन्नडात बाळे म्हणजे केळी, मने म्हणजे घर आणि ऊरु म्हणजे गाव. भरून येतो तो आपला ऊर संस्कृत ‘उरस्’चा. लातूरच्या शेपटातला ऊर मात्र गावाचा: राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत, आणि ते लत्तलूर म्हणजेच आजचं लातूर, असं अभ्यासक मानतात.

नात्यांच्या शब्दांचा हिशेब वेगळा. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई. जॉर्जियन भाषेत तर मामा म्हणजे बाप! इथं योगायोगाला तान्ह्या बाळाच्या तोंडाची साथ आहे. ओठ मिटून उघडले की म, ब, प आपोआप निघतात, आणि मोठी माणसं त्या बडबडीला आपापल्या सोयीनं नाती चिकटवतात. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी जगभरातल्या भाषांमधून गोळा झालेल्या आईबापांसाठीच्या १,०७२ शब्दांचा हिशेब मांडला. आईच्या ५५ टक्के शब्दांत म, न असे अनुनासिक होते, बापाच्या फक्त १५ टक्क्यांत. त्यांचं म्हणणं, अंगावर पिताना बाळाचं तोंड बंद असतं, हुंकार नाकातूनच येणार. पुढं भूक लागली की तोच आवाज, आणि ऐकणारी तर आईच.

‘आई’ या हिशेबात बसत नाही. आमच्या मराठवाड्यातली ‘माय’ बसते.