ग्रीन बिल्डिंगच्या मार्कांत माणसं कधी आली?

ठाण्यात घोडबंदर रोडला ओळखीच्यांची सोसायटी आहे, गेटवर ग्रीन रेटिंगची चकचकीत पाटी, वर सोलर, खाली सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी, सगळं झकास. तिथे चार घरची कामं करणाऱ्या मावशी मात्र सकाळपासून पाणीच कमी पितात, कारण जायचं कुठे?

आता ही पाटी मुळात मोजते काय ते बघा. १९९० ला ब्रिटनमध्ये ब्रीम (BREEAM) हे इमारतींना मार्क देणारं रेटिंग आलं, मग १९९८ ला अमेरिकेत तसंच लीड (LEED), त्याची पहिली आवृत्ती, आणि दोघांचा भर वीज, पाणी, मटेरियल यावर. माणूस होता, पण आत एसीत बसणारा, त्याला हवा-उजेड नीट मिळतो का एवढ्यापुरता. बांधणारा आणि झाडणारा हिशोबातच नाही. आपल्याकडे २००१ ला आयजीबीसी, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन झाली, २००३ ला सीआयआय या उद्योगांच्या संघटनेच्या हैदराबादच्या सेंटरला लीड प्लॅटिनम, म्हणजे लीडचा सगळ्यात वरचा दर्जा मिळाला आणि मग बिल्डर लोकांना ‘ग्रीन’ हा शब्द जो आवडला तो आवडलाच.

पण एक गोष्ट आपल्याकडे वेगळी झाली आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. टेरी ही दिल्लीची ऊर्जा संशोधन संस्था आणि केंद्राचं अक्षय ऊर्जा मंत्रालय यांचं ‘गृह’ (GRIHA) नावाचं आपलं ग्रीन रेटिंग २००७ च्या सुमारास आलं, त्यात सुरुवातीपासून बांधकाम मजुरांसाठी संडास आणि सुरक्षेचा निकष होता. असणारच म्हणा, कारण आपल्याकडे मजूर संध्याकाळी बस पकडून घरी जात नाही, बायकापोरांसकट साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहतो, टँकर आला की हंडे घेऊन धावतो, ते न दिसायला डोळेच मिटून घ्यावे लागतील. लीडमध्ये सोशल इक्विटीची क्रेडिट्स २०१४ ला आली, आजूबाजूची वस्ती, प्रोजेक्टवरची माणसं आणि माल पुरवणारी साखळी अशी तीन, तीपण पायलट, म्हणजे घेतली तर घेतली. गृहच्या २०१५ च्या आवृत्तीत तर मजुरांची सुरक्षा, अपंगांना वावरता येईल अशी रचना आणि सर्व्हिस स्टाफसाठी वेगळी सोय हे सगळं एका विभागातच आलं.

मग घोडं अडलं कुठे? पॉइंटच्या सिस्टीममध्ये ऐच्छिक गोष्ट सोडून दुसरीकडून मार्क भरून काढता येतात. त्यात २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, जी ठाण्यालाही लागू आहे, ग्रीन रेटिंगच्या दर्जाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे तेवढं जास्त बांधकाम करायची परवानगी मिळते, आणि ठाण्यात चौरस फुटाचा भाव काय चाललाय ते तुम्हाला माहितीये. तो जादा एफएसआय बिल्डरला मिळतो, मावशींना नाही.

बरं, त्या सोसायटीच्या प्लॅनमध्ये पार्किंगमागे स्टाफ टॉयलेट दाखवलेलं आहे, मी स्वतः जाऊन पाहिलं. दार उघडलं तर आत कुंड्या आणि सोसायटीच्याच कंपोस्ट खताच्या गोण्या.