कोकणातल्या शहरांत नवा रस्ता पुन्हा का खोदला जातो?

रत्नागिरी असो, मालवण असो की वेंगुर्ला, मे महिन्यात नव्याकोऱ्या डांबरावर आडवा चर मारलेला दिसला की आपण ठेकेदाराला दोष देतो, नाहीतर नगरसेवकाला. कधी तो दोष खराही असतो. पण माणसं बदलली तरी चर पडतच राहतात, तेव्हा कारण आणखी खोलवर शोधायला हवं. माझ्या मते ते पैशाच्या वाटेत आहे. रस्त्याच्या वरच्या थराचा पैसा आणि त्याखालच्या नळाचा, गटाराचा, केबलचा पैसा आपल्याकडे निरनिराळ्या तिजोऱ्यांतून आणि निरनिराळ्या वेळी येतो. हे असं कसं होत गेलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

१८७३ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यानंतर दक्षिण कोकणात नगरपालिका आल्या. रत्नागिरी आणि वेंगुर्ल्याच्या पालिका १८७६ च्या. त्या काळी कोकणचा हमरस्ता म्हणजे समुद्र. माल गलबतातून बंदरात उतरायचा आणि बंदरापासून बाजारपेठेपर्यंत, तिथून कचेरीपर्यंत रस्ता असला की भागायचं. तो रस्ताही जांभ्याच्या मुरमाचा. पाणी घरच्या नाहीतर वाडीतल्या विहिरीचं, सांडपाणी परसातल्या माडांना. रस्त्याखाली काहीच नव्हतं. पालिकेचं उत्पन्न घरपट्टीचं आणि जकातीचं, ते थोडं असलं तरी एकाच पेटीत जमा व्हायचं आणि त्याच पेटीतून खर्च व्हायचं.

स्वातंत्र्यानंतर शहरं वाढली, विहिरी पुरेनात. रत्नागिरीला पानवल धरणातून नैसर्गिक उतारानं पाणी आलं, पुढे शीळ धरणावर भिस्त ठेवावी लागली. १९६५ च्या अधिनियमानं नगरपरिषदांचे अ, ब, क असे वर्ग ठरवले. रत्नागिरी, चिपळूण ‘ब’ वर्गात. मालवण, वेंगुर्ला, राजापूर, सावंतवाडी ‘क’ वर्गात. पाण्याची जबाबदारी कायद्यानं पालिकेचीच, पण एवढ्या लहान पालिकांकडे मोठ्या योजनेचे अभियंते कुठून असणार? १९७६ च्या कायद्यानं राज्यात पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ आलं, १९९७ साली त्याचं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झालं. आराखडा प्राधिकरणाचा, रस्ता पालिकेचा, आणि शहरातून जाणारा मुख्य रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, अशी विभागणी तिथून सुरू झाली. जुन्या लाइन कुठून गेल्यात याचा नीट नकाशा अनेक गावांत आजही कागदावर सापडत नाही. तो वॉलमनच्या डोक्यात असतो. लांब दांड्याची चावी घेऊन पहाटे व्हॉल्व्ह फिरवणारा हा माणूस सांगतो, ‘इथं नको, दोन हात पुढं खणा’ आणि जेसीबीवाला तिथं खणतो. तो निवृत्त झाला की नकाशाही गेला. मग बकेट अर्ध्या इंची जीआय पाइपवर बसते, चरात गढूळ पाणी भरतं आणि त्या आळीला दोन दिवस टँकर मागवावा लागतो.

पैशाच्या बाजूनं सगळ्यात मोठा फरक पडला १९९९ साली. नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि बदल्यात राज्याचं सहायक अनुदान सुरू झालं. जकातीत त्रास होता, भ्रष्टाचारही होता. ती गेली याचं मला दुःख नाही. पण तो पालिकेच्या हातातला रोजचा पैसा होता, आणि त्यातून काय करायचं हे गावातच ठरत होतं. अनुदान प्रामुख्यानं पगारात जातं. उरली घरपट्टी आणि पाणीपट्टी. त्यांचे दर वाढवायला कोणीच राजी नसतं, कारण दर वर्षी नाही तरी दर पाच वर्षांनी निवडणूक असतेच. त्यामुळे रस्त्याचं कुठलंही मोठं काम ‘योजनेत बसवावं’ लागतं. पालिकेच्या कचेरीत हा शब्द रोज ऐकू येतो.

योजना एकामागून एक आल्या. २००५ साली जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाबरोबर लहान व मध्यम शहरांसाठी वेगळी योजना आली. तिच्यात केंद्राचे ८० टक्के, राज्याचे १० आणि पालिकेचे १०. २०१० साली राज्यानं सुवर्णजयंती नगरोत्थान महाभियान सुरू केलं. २०१५ च्या अमृत अभियानात एक लाखावरच्या शहरांना स्थान मिळालं. रत्नागिरीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ७६ हजार, म्हणजे ती बाहेरच राहिली. २०२१ च्या अमृत २.० मध्ये सगळी शहरं घेतली आणि एक लाखाखालच्या शहरांना केंद्राचा वाटा प्रकल्पाच्या निम्मा ठरला. त्याच सुमारास पंधराव्या वित्त आयोगानं १० लाखांखालच्या शहरांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित केला: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. उरलेल्या अबंधित ४० टक्क्यांवर मात्र रस्त्यापासून दिवाबत्तीपर्यंत सगळ्यांचा डोळा. याशिवाय जिल्हा नियोजन समितीचा निधी, जिल्हास्तर नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, दलितवस्ती सुधारणा आहेतच. प्रत्येकाचं लेखाशीर्ष वेगळं, प्रस्तावाचा नमुना वेगळा, मंजुरीचा महिना वेगळा. पाण्याच्या योजनेला मान्यता मिळेपर्यंत रस्त्याचा निधी येऊन ठेपलेला असतो, आणि तो खर्ची पडला नाही तर परत जाईल ही भीती असते. अशा वेळी मुख्याधिकाऱ्यानं ‘आधी पाइप, मग डांबर’ असा हट्ट धरणं म्हणजे हातचा निधी घालवणं. या कोंडीत कुणीही सापडू शकतो, म्हणून मी त्याला एकट्या माणसाची चूक मानत नाही.

त्यात आपला पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. ऑक्टोबरात जमीन सुकते, दिवाळीनंतर डांबराचे प्लांट सुरू होतात, आणि सात जूनच्या आत सगळं आवरावं लागतं. हाती उरतात सहा-सात महिने. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा यातच हिवाळा जातो. कार्यादेश मार्चअखेरीस निघतो. एप्रिल-मेच्या घाईत आधी कोण आणि नंतर कोण, हे ठरवायला वेळच उरत नाही.

चर बुजवण्याची गोष्ट तर प्रत्येकानं एकदा उभं राहून पाहावी. खोदलेला जांभा ढेकळाढेकळांनी निघतो. पद्धत अशी की पाइपखाली-वर बारीक माती किंवा वाळू घालायची, मग साधारण वीतभर जाडीचे थर टाकत प्रत्येक थर पाणी मारून, ठोकून घट्ट करायचा. प्रत्यक्षात बऱ्याचदा जेसीबीनं तीच ढेकळं एका दमात आत लोटतात, वरून एकदा चाक फिरवतात आणि खडी पसरतात. ढेकळांमधल्या पोकळीत पहिल्या मोठ्या सरीचं पाणी शिरतं, माती खाली बसते आणि गणपतीपर्यंत रस्त्याच्या मधोमध लांबट खळगा तयार होतो. वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी ते या खळग्याला वाचवू शकत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत खालची गर्दी आणखी वाढली. २०२० च्या जूनमधलं निसर्ग आणि पुढच्या मे महिन्यातलं तौक्ते, या वादळांनी विजेचे खांब आडवे केले आणि किनाऱ्यावर भूमिगत वीजवाहिन्यांची निकड सगळ्यांना पटली. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून किनाऱ्यावरच्या शहरांत ते काम आधीच हाती घेतलेलं होतं. मग फायबर केबल आली. तिच्या खोदाई परवानग्यांसाठी केंद्रानं २०१६ मध्ये नियम केले. पाठोपाठ काही ठिकाणी घरगुती गॅसची पाइपलाइन. हे सगळे पालिकेकडे खोदाई शुल्क भरतात आणि पालिकेनं त्या पैशातून रस्ता पूर्ववत करायचा असतो. शुल्क जमा होतं तो महिना आणि दुरुस्तीची निविदा निघते तो महिना यांत अंतर पडतं, आणि त्या मधल्या काळात चर उघडा राहतो. मार्च २०२३ मध्ये केंद्रानं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. खोदणाऱ्यानं आधी खालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवावं, ही कल्पना चांगलीच आहे. पण नकाशे भरलेलेच नसतील तर ॲप तरी काय दाखवणार?

डांबराच्या थरावर थर टाकत गेल्यामुळे आणखी एक दुखणं झालंय. जुना थर खरवडून न काढता वर बीबीएम (डांबर-खडीचा जाड थर) आणि कार्पेट (त्यावरचा पातळ थर) टाकलं की रस्त्याची पातळी दर वेळी वाढते. जुन्या आळ्यांत आज अंगण रस्त्याच्या खाली गेलंय, आणि पाऊस थेट ओटीवर येतो. आता मुख्य रस्त्यांचं काँक्रीटीकरण होतंय. ते पावसाला जास्त टिकतं हे खरं, पण एकदा केलं की वीस-तीस वर्षं त्याला हात लावायचा नाही हे गृहीत धरूनच करायचं काम आहे ते. कटरनं कापून पुन्हा भरलेला तुकडा मूळ काँक्रीटशी एकजीव होत नाही. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी गंजकी लाइन बदलणं, घरोघरचे जोड फुटपाथपर्यंत आणून ठेवणं आणि ठरावीक अंतरावर आडवे रिकामे पाइप टाकून ठेवणं, हे तीन खर्च अंदाजपत्रकात असायलाच हवेत. शहरी रस्त्यांखाली वाहिन्या कशा मांडाव्यात याची मार्गदर्शिका इंडियन रोड्स काँग्रेसनं कधीच दिलेली आहे. ती अंदाजपत्रकात उतरली तर पुरे.

२०२१ च्या अखेरीस बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि चार वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका होऊन पुन्हा सभागृहं भरली. अर्थसंकल्पाची विशेष सभा साधारण फेब्रुवारीत असते. आपल्या प्रभागातला रस्ता त्यात असेल तर त्याचं अंदाजपत्रक नगरसेवकाकडे मागा, आणि पहिलं पान नव्हे, पाइपलाइनची बाब कुठे आहे ते बघा. ती नसेल तर त्या रस्त्याला एक वर्ष उशीर झाला तरी चालेल, हे सभेत सांगायला नागरिकांनीच पुढं यायला हवं.