एस, पी, डी, एफ : इलेक्ट्रॉन संरूपणाची पार्श्वभूमी

नववीत सोडियमचे इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे अणूच्या कवचांत इलेक्ट्रॉन कसे वाटलेले आहेत ते, २, ८, १ असे लिहितात. अकरावीत तेच १एस² २एस² २पी⁶ ३एस¹ होते: आधीचा आकडा कवचाचा, अक्षर त्यातल्या उपकवचाचे आणि वरचा आकडा इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा. पुस्तकात सगळे नियम एका पानावर येतात, त्यामुळे कुणीतरी समीकरण सोडवून ते एकदम काढले असावेत, असा मुलांचा समज होतो. खरे तर ही मांडणी अणूंच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा वाचता वाचता, तुकड्यातुकड्याने हाती आली.

तिच्यातल्या अक्षरांमागची नावे इलेक्ट्रॉनपेक्षाही जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकात सोडियमसारख्या धातूंच्या वर्णपटरेषांचे गट पाडले गेले. रेखीव रेषा त्या शार्प, पसरट त्या डिफ्यूज, ठळक मालिका ती प्रिन्सिपल. फंडामेंटल मागाहून आली. एस, पी, डी, एफ ही या नावांची आद्याक्षरे. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली. के, एल, एम ही कवचांची नावे क्ष-किरणांच्या अभ्यासातली. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बार्क्ला याने क्ष-किरणांच्या मालिकांसाठी आधी ए आणि बी अक्षरे वापरली होती. पण दोन्ही बाजूंना आणखी मालिका सापडतील या अंदाजाने १९११ मध्ये त्याने वर्णमालेच्या मधली अक्षरे घेतली. के च्या आधीचे काही सापडलेच नाही.

डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने १९२१-२२ मध्ये मूलद्रव्यांची इलेक्ट्रॉनमांडणी सुचवली आणि तिची कसोटी लगेच लागली. ७२ क्रमांकाचे मूलद्रव्य तेव्हा सापडायचे होते. ते दुर्मिळ मृदा गटातले (एकमेकांशी खूप साम्य असलेल्या धातूंच्या गटातले) असल्याचा दावा फ्रान्समधून झाला होता. बोरच्या मांडणीत मात्र तो गट ७१ वर संपत होता, म्हणजे ७२ वे झिर्कोनियमसारखे असायला हवे. कॉस्टर आणि हेवेशी यांनी कोपनहेगनमध्ये झिर्कोनियमची खनिजे क्ष-किरणांनी तपासली आणि ते मिळाले. डिसेंबर १९२२ मधल्या नोबेल व्याख्यानात बोरला ही बातमी देता आली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून मूलद्रव्याला हाफ्नियम म्हणू लागले.

तरीही बोरच्या तक्त्यात दुसऱ्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन ४ आणि ४ असे विभागलेले होते. आज आपण लिहितो ते २ आणि ६ एडमंड स्टोनर या केंब्रिजमधल्या संशोधक विद्यार्थ्याने १९२४ मध्ये मांडले. माझ्या मते या इतिहासात सर्वांत कमी श्रेय त्याच्याच वाट्याला आले आहे. त्याचा लेख वाचूनच भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउलीला १९२५ च्या सुरुवातीला आपले अपवर्जन तत्त्व (एकाच अणूतले दोन इलेक्ट्रॉन अगदी एकाच अवस्थेत असू शकत नाहीत) मांडता आले. त्याच वर्षी ऊलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी इलेक्ट्रॉनच्या फिरकीची (स्पिनची) कल्पना पुढे आणली.

३डी च्या आधी ४एस भरायचे, हा क्रम लक्षात राहावा म्हणून तिरक्या बाणांची आकृती शिकवतात. त्यामागचा नियम एर्विन माडेलुंगच्या नावाने ओळखला जातो. त्याने तो १९३६ मध्ये छापला. फ्रान्सच्या शार्ल जानेने तशीच मांडणी त्याआधीच केली होती. हा अनुभवातून बसवलेला नियम आहे, आणि तो भरण्याचा क्रम सांगतो, काढण्याचा नव्हे. लोहाचा आयन होताना आधी ४एस मधलेच इलेक्ट्रॉन जातात. क्रोमियम आणि तांबे हे अपवाद परीक्षेत हमखास विचारतात, पण पॅलॅडियम त्यांच्याही पुढे जाते. नियमाप्रमाणे त्याच्या ५एस मध्ये दोन इलेक्ट्रॉन हवेत. मुक्त अणूच्या वर्णपटावरून मात्र ते पूर्ण रिकामे असल्याचे दिसते.