गुटी कलम: फांदी झाडावरच आणि मुळं पण तिथेच

कटिंग लावून बघितलेल्या प्रत्येकाला हा अनुभव असतो, फांदी कापली, मातीत खोचली, रोज पाणी घातलं, चार दिवस पानं टवटवीत, आपण खूष, आणि मग एक दिवस सगळं मान टाकून बसतं. कारण साधं आहे, मुळं यायच्या आधीच आपण तिचं पाणी तोडलेलं असतं आणि मातीतून पाणी ओढायला तिच्याकडे काहीच नसतं. गुटी कलमात हा क्रम उलटा. आधी फांदीला झाडावरच मुळं फुटू द्यायची आणि कापायचं काम शेवटी.

आता गंमत अशी की यासाठी त्या जिवंत फांदीची साल चक्क गोल बांगडीसारखी काढून टाकायची असते, इंच-सव्वा इंच रुंद, चारी बाजूंनी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं गेली ही फांदी. पण ती मरत नाही, कारण झाडात वाहतुकीचे दोन वेगळे रस्ते असतात. पाणी आतल्या लाकडातून, म्हणजे जायलममधून वर चढतं. पानात बनलेली साखर मात्र सालीच्या आतल्या थरातून, फ्लोएममधून खाली उतरते. आपण फक्त खाली जाणारा रस्ता बंद करतो, पाणी वर येतच राहतं, पानं हिरवीगार, आणि तयार झालेला माल कापलेल्या जागी येऊन अडकतो. सतराव्या शतकात मार्चेल्लो मालपिघी या इटालियन शास्त्रज्ञाने अशीच साल काढून बघितली होती आणि त्याला दिसलं की कापाच्या वरच्या कडेला फांदी फुगते, खालच्या बाजूला तसं काही होत नाही. (हाच प्रकार मुख्य खोडाला केला तर मात्र झाड हळूहळू मरतं, कारण मुळांना अन्नच पोचत नाही. एका फांदीपुरतं केलं तर बाकीच्या फांद्या मुळांना पोसतात.)

साखरेबरोबर अजून एक गोष्ट अडकते आणि खरी करामत तिची आहे. शेंड्यात आणि कोवळ्या पानात ऑक्सिन नावाचं हार्मोन बनतं आणि ते खाली खाली सरकत असतं. १९३४ च्या सुमारास फ्रिट्स वेंट आणि केनेथ थिमन हे वनस्पतिशास्त्रज्ञ मुळं फोडणाऱ्या द्रव्याचा शोध घेत होते आणि तो माग ऑक्सिनपाशीच जाऊन पोचला. वाट अडल्यामुळे ऑक्सिन वरच्या कडेला साठतं, तिथे आधी कॅलस नावाची ओबडधोबड गाठ धरते, आणि आतल्या काही पेशी, ज्या एरवी आयुष्यभर खोडाच्याच राहिल्या असत्या, त्या चक्क मुळं बनवायला लागतात. आपण जी रूटिंग पावडर लावतो त्यात बहुतेक वेळा आयबीए असतं, ते ऑक्सिनच्याच जातीतलं. म्हणून पावडर वरच्या कडेला चोळायची, खालच्या कडेला लावून काही उपयोग नाही, मुळं तिकडे येणारच नाहीयेत.

माझ्या पहिल्या तीन गुट्या फेल गेल्या. दोन महिन्यांनी उघडून बघितलं तर मुळं नाहीत, उलट जखमच भरून आलेली! साल काढली होती पण लाकडावरचा तो बुळबुळीत ओलसर थर तसाच ठेवला होता. तो थर म्हणजे कॅम्बियम, त्याचं कामच नवीन साल आणि नवीन लाकूड बनवणं, त्याने निमूटपणे साल परत जोडून टाकली, रस्ता चालू झाला आणि साठलेलं सगळं खाली निघून गेलं. एक बारीक पट्टी शिल्लक राहिली तरी हेच होतं. त्यामुळे चाकूच्या मागच्या बाजूने खरवडा, बोट फिरवून बघा, घसरत असेल तर अजून खरवडा, लाकूड कोरडं खरखरीत लागलं पाहिजे. माझ्या मते गुटी जमणं न जमणं निम्मं इथेच ठरतं.

मग त्यावर ओलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे एक प्रकारचं शेवाळ. हे मॉस स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतं कारण त्यात रिकाम्या मृत पेशी असतात, अगदी स्पंजसारख्या. भिजवून घट्ट पिळून घ्यायचं, मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये, नाहीतर हवा मिळत नाही आणि जखम कुजते. वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने करकचून बांधायची. पूर्वी लोक कापड बांधून रोज पाणी घालत बसायचे. १९३३ मध्ये पॉलिथिन सापडलं, पुढे ते स्वस्त झालं आणि ही कटकट संपली, कारण ते वाफ फारशी बाहेर जाऊ देत नाही पण ऑक्सिजन थोडाफार आत येऊ देतं, मुळांना नेमकं हेच हवं असतं.

फांदी पेन्सिलीएवढी जाड, फार जून नको. लिची, डाळिंब, पेरू, अंजीर, लिंबू, रबर प्लांट यांना मुळं बऱ्यापैकी सहज येतात, महिना ते तीन महिने धरून चला. आंबा मात्र रुसतो, म्हणून त्याला गुटीपेक्षा दुसऱ्या रोपावर बांधलेलं कलमच बरं. नारळाला तर हे शक्यच नाही, त्याच्या पाणी आणि साखर वाहणाऱ्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात, सोलून काढायला सालीची बांगडीच नाही.

प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की लगेच कापू नका, ती जरा तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटू द्या. मग बांगडीच्या खाली कापायचं, प्लास्टिक काढायचं पण मॉस नाही, निम्मी पानं छाटायची कारण एवढ्याशा मुळांना सगळ्या पानांची तहान झेपत नाही, आणि काही आठवडे सावलीत.

गुटीचं रोप गुडघ्याएवढं असतानाच फुलायला लागलं तर दचकू नका. झाड नवीन असलं तरी फांदी मोठ्या झाडाचीच आहे, तिचं बालपण कधीच संपलंय. पहिल्या वर्षी ती फुलं खुडून टाका. आईचे गुण जसेच्या तसे येतात, तसा आईचा व्हायरसही येतो, म्हणून आजारी झाडाची गुटी बांधूच नये. आणि याला बियांच्या रोपासारखं सोटमूळ नसतं, सगळी मुळं वरवर पसरलेली, तेव्हा जोराच्या वाऱ्याच्या जागी लावलं असेल तर सुरुवातीची दोन-तीन वर्षं चांगली जाड काठी बांधून ठेवा.