फौजेत गेलं की जन्मभर पेन्शन? थांबा जरा

इंदूरात महूची फौजी छावणी इतकी जवळ, त्यामुळे घराघरात एक वाक्य ठरलेलं, "फौजेत गेला की पेन्शन पक्की." परवा दोन रिटायर्ड फौजी काका आमच्या कॉलनीतल्या बारावीच्या पोरांशी बोलायला बसले, आणि पोहे संपायच्या आत त्यातल्या सुभेदार काकांनी ते वाक्य मोडीतच काढलं.

जवानाला पेन्शनसाठी 15 वर्षं नोकरी लागते, ती आधीपासूनच. पण जून 2022 मध्ये भरतीची अग्निपथ योजना आली, आता जवान म्हणून भरती म्हणजे अग्निवीर, 4 वर्षं, त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम, बाकीचे घरी, पेन्शन नाही ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या वर्षी पगार 30,000 म्हणतात पण 30 टक्के सेवा निधीत कापून हातात 21,000च येतात, सरकारही तेवढेच घालतं, शेवटी साधारण 11.71 लाख मिळतात.

आणि ऑफिसर झालो की सुटलो असंही नाही हं, शॉर्ट सर्व्हिसवाला, म्हणजे ठराविक वर्षांसाठीच घेतलेला ऑफिसर, 10 किंवा 14 वर्षांनी बाहेर, तोही पेन्शनशिवाय.

एकाने विचारलं, "मग जाऊ नको का, काका?" काका म्हणाले, "जा की, पण आईला आधी खरं सांगून जा."